दम आधी परततो, नडगी नंतर

प्रश्न : मी ४३ वर्षांची असून सांगलीत सीए म्हणून व्यवसाय करते. कोल्हापूरला राजाराम तलावावर ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग स्पर्धा) मी केली होती आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे त्याहून लांब ट्रायथलॉन, ७ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. पुढे नोकरी सोडून स्वतःचे ऑफिस सुरू केले, त्यातच सासऱ्यांची बायपास झाली, मुलीचे बारावीचे वर्ष आले आणि सराव सुटला तो सुटलाच. १६ महिने मी पोहले नाही की पळाले नाही. सायकल गॅलरीत चादरीखाली उभी होती. जानेवारीत निश्चय करून २०२२ चेच वेळापत्रक पुन्हा काढले. पहिले तीन आठवडे वाटले त्यापेक्षा छान गेले. चौथ्या आठवड्यात उजवी नडगी आतल्या बाजूने दुखू लागली आणि आता सगळेच थांबले आहे. सासूबाई म्हणतात, ‘या वयात जिवाला त्रास कशाला?’ मलाही कधी कधी तसेच वाटते. आठवड्याला पाच तासांहून अधिक वेळ मिळत नाही. या वर्षअखेरीची गोव्याची स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवू का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई,

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात १६ महिन्यांचा खंड डोळ्यांत भरला आणि दुसऱ्या वाचनात ‘पहिले तीन आठवडे छान गेले’ हे वाक्य. आपल्या दुखण्याचे मूळ मला त्या वाक्यात दिसते. त्याकडे येतोच; पण नडगीचा प्रश्न आजचा आहे, म्हणून आधी तो पाहू.

आज संध्याकाळी खुर्चीवर निवांत बसा आणि उजव्या नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत बोटभर अंतराने दाबत जा. दुखरा भाग वीतभर पसरलेला असेल, नेमकी जागा सांगता येत नसेल आणि सकाळी चालायला लागल्यावर थोड्या वेळाने पाय मोकळा होत असेल, तर हाडाच्या कडेला चिकटलेल्या स्नायूंची आणि हाडावरील आवरणाची ती तक्रार असण्याची शक्यता जास्त आहे. धावणे बंद ठेवले आणि पोटरीला हळूहळू बळ दिले, की ती साधारणपणे काही आठवड्यांत निवळते. परंतु रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, जिना उतरताना तीच जागा बोलत असेल किंवा रात्री अंथरुणात ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायला हवी आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. अशा वेळी एक्स-रे नॉर्मल आला, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ही चीर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेवर पुष्कळदा दिसत नाही आणि एमआरआय केल्यावरच कळते. डॉक्टरांना दुखण्याबरोबरच हेही सांगा, की १६ महिन्यांच्या खंडानंतर आपण एकदम आठवड्याचे ३० किलोमीटर, किंवा जे काही त्या वेळापत्रकात असेल तेवढे, धावू लागला होता. त्यांच्या निदानाला या माहितीचा फार उपयोग होतो.

आता त्या तीन छान आठवड्यांविषयी. खंड पडला की शरीरातले सगळे एकाच वेगाने जात नाही आणि परततानाही एकाच वेगाने परतत नाही. सर्वांत आधी, अगदी पहिल्या दोन आठवड्यांतच, रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त बाहेर टाकते आणि साध्या चढावर धाप लागते. अमेरिकन व्यायाम-शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षानुवर्षे सराव करणाऱ्या सात खेळाडूंना ८४ दिवस सराव पूर्ण बंद करायला लावले होते. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी आणि अखेरीस १६ टक्क्यांनी घटली. पण स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे मात्र टिकून होते आणि कधीच सराव न केलेल्या माणसांपेक्षा हे खेळाडू तेव्हाही पुढे होते. आपला खंड त्याहून पुष्कळ मोठा आहे, तेव्हा तेच आकडे आपल्याला लावता येणार नाहीत. तरीही पूर्वी कमावलेले सगळेच वाहून जात नाही, याचा अनुभव आपण जानेवारीत घेतला आहे. सराव सुरू होताच रक्तातील द्रव एक-दोन आठवड्यांत पुन्हा वाढतो, दम परततो आणि मनाला वाटते, की आपण होतो तिथे जवळजवळ पोहोचलो.

हाडांचे आणि स्नायुबंधांचे घड्याळ यापेक्षा फार संथ चालते. हाडावर नवा भार आला, की शरीर आधी त्यातील जुना भाग पोखरून काढते आणि मग तेथे नवा भरते. ही पूर्ण फेरी व्हायला तीन-चार महिने लागतात. पोखरणे आधी आणि भरणे नंतर असल्यामुळे, सराव सुरू केल्यानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हाड काही काळ उलट नाजूक झालेले असते. नेमक्या त्याच आठवड्यांत दम परतलेला असतो, उत्साह दाटून आलेला असतो आणि जुने वेळापत्रक ‘आता अंतर वाढवा’ असे सांगत असते. आपली नडगी चौथ्या आठवड्यात दुखली, हा योगायोग नव्हता आणि वयाचा दोषही नव्हता. मी स्वतः २०१७ मध्ये आईच्या दीर्घ आजारपणानंतर सरावाला परतलो, तेव्हा पाचव्या आठवड्यात टाचेमागची शीर धरली. मीही ‘आता जमतंय’ म्हणून एका रविवारी अंतर दुप्पट केले होते. ती शीर सुटायला पुढचे पाच महिने गेले. तेव्हापासून, खंडानंतर सरावाला परतण्यासाठी माझ्याकडे प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यापेक्षा चौथ्या आठवड्यात अधिक वेळा फोन करतो.

म्हणून पहिली विनंती अशी, की २०२२ चे वेळापत्रक संगणकातून पुसू नका, पण या वर्षी ते उघडूही नका. ते नोकरी करणाऱ्या, घरी आजारपण नसलेल्या आणि त्याआधीची दोन-तीन वर्षे सलग सराव केलेल्या एका बाईसाठी लिहिलेले होते. आज आपल्याकडे पाच तास आहेत. मला त्यांतले सुरुवातीला पावणेचारच हवे आहेत. उरलेला सव्वा तास झोपेला द्या आणि त्यावर मी हक्काने आग्रह धरतो, कारण हाड भरण्याचे काम मुख्यतः विश्रांतीतच होते.

आठवडा असा ठेवा : मंगळवारी आणि शुक्रवारी पोहणे, प्रत्येकी ३५ मिनिटे, रविवारी सायकल, सव्वा तास, बुधवारी आणि शनिवारी धावण्याची जागा, जिथे नडगी शांत होईपर्यंत केवळ चालणे असेल, प्रत्येकी अर्धा तास, आणि सोमवारी नि गुरुवारी घरातच दहा मिनिटे पोटरीचे आणि मांडीचे व्यायाम. सोमवार-गुरुवारच्या या वीस मिनिटांना खेळाडू सर्वांत आधी फाटा देतात. आपण तसे करू नये. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा उचलायच्या आणि तीन आकडे मोजत खाली आणायच्या, असे पंधरा-पंधराचे तीन फेरे. दुखत नसेल तर तिसऱ्या आठवड्यापासून एकेका पायावर. त्यानंतर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे आणि एका पायावर उभे राहून तोल सांभाळणे. पुढे धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार एका पायावर येतो आणि अर्ध्या तासात एकेका पायावर अडीच हजारांच्या आसपास पावले पडतात. तो भार पोटरीने झेलला नाही, तर नडगीला झेलावा लागतो.

पोहण्याने सुरुवात करा असे मी म्हणतो त्याचे कारण केवळ नडगी नाही. तिन्हींपैकी पोहण्याचे कौशल्य सर्वांत लवकर बोथट होते आणि दुखापत न होता परत मिळवता येते. पहिल्या दिवशी पाण्यात उतरल्यावर आपल्याला वाटेल, की पाणी हाताला लागतच नाही. हात मागे ओढावा आणि पाणी बोटांतून निसटून जावे, तसे. पूर्वी २५ मीटरचा तलाव आपण समजा २२ हातांत पार करत असाल, तर आता २८-२९ लागतील. घड्याळाकडे न पाहता हे हात मोजा. ५०-५० मीटरचे आठ तुकडे पोहा, प्रत्येकानंतर अर्धा मिनिट भिंतीला धरून थांबा आणि प्रत्येक तुकड्यात एकाच गोष्टीकडे लक्ष द्या : हात पाण्यात शिरल्यावर कोपर वर राहते की खाली पडते. कोपर पडले, की तळहात पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो आणि शरीर पुढे न जाता वर उचलले जाते. तीन आठवड्यांत हातांची संख्या दोन-तीननी उतरली, तर समजा की आपले पोहणे परतू लागले आहे, मग शंभर मीटरला किती सेकंद लागतात त्याची फिकीर करू नका. जाण्यापूर्वी गॉगल्स मात्र तपासून घ्या. वापराविना पडलेल्या गॉगल्सचा रबरी पट्टा हातात घेताच तुटतो, आणि अशा कारणाने घरी परतावे लागले तर त्या दिवशी फार वाईट वाटते.

नदीत सध्या उतरू नका. सांगलीकरांचे आणि कृष्णेचे नाते मला ठाऊक आहे. परंतु या पट्ट्यात मगरींचा वावर आहे, पावसाळ्यात पाण्याला ओढ असते आणि सरावात नसलेल्या शरीराने एकटीने नदीत पोहणे कोणत्याही ऋतूत योग्य नाही.

आता सायकल. चादर काढल्यावर लगेच स्वार होऊ नका; आधी तिला अर्धा तास द्या. टायर हवा भरून फिरवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंवर बारीक भेगांचे जाळे दिसते का, ते उजेडात पाहा. दिसले तर टायर बदला, कारण उतारावर तो फुटण्याचा धोका असतो. ट्यूबलेस असतील तर आतले सीलंट (छिद्र बुजवणारे द्रव) १६ महिन्यांत वाळून पापडासारखे झालेले असणार. चेनचा एकेक दुवा वाकवून पाहा. गंजून आखडलेला दुवा गिअर बदलताना चेन उडवतो. ब्रेकचे रबर कडक झाले असेल तर तेही बदलून घ्या. हे सगळे आपण स्वतः केले तर उत्तमच, नाहीतर दुकानात देऊन नुसते ‘सर्व्हिसिंग करा’ न म्हणता या चार गोष्टी नावानिशी सांगा.

रस्त्याविषयी माझे एक स्पष्ट मत आहे. आपल्या भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू असेपर्यंत पहाटे अंधारात सायकल काढू नये. साखर कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढत जातात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याने झाकलेले असतात आणि रस्त्यावर सांडलेल्या उसावरून सायकलचे अरुंद चाक घसरते. पूर्वी आपण पहाटे पाचला तासगाव रस्त्याला लागत असाल, तर आता रविवारी उजाडल्यावर निघा, हरिपूर रस्त्यासारखा लहान आणि ओळखीचा रस्ता निवडा आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. वेळ उरत नसेल तर सायकल ट्रेनरवर (जागेवरच चालवण्याच्या स्टँडवर) लावून ४५ मिनिटे घरीच चालवा. वाऱ्याविना घाम फार येतो, म्हणून पंखा समोर हवा. पहिले सहा आठवडे सायकलवर असताना पूर्ण वाक्ये न तुटता बोलता आली पाहिजेत, आपल्या वयाच्या सूत्राने (२०८ उणे वयाच्या ०.७ पट) हृदयाचे कमाल ठोके मिनिटाला १७८ च्या आसपास येतात आणि त्यानुसार १२५ ते १३५ ठोक्यांची पट्टी पुरेशी होते. सूत्र हे सरासरीचे असते, प्रत्यक्षात दहा ठोके इकडेतिकडे होऊ शकतात. घड्याळ आणि बोलणे यांचे जुळत नसेल, तर बोलण्यावर विश्वास ठेवा.

धावण्याचे मी शेवटी ठेवले आहे, कारण आपली खरी परीक्षा तिथे आहे. नडगी सलग सात दिवस चालताना, जिना उतरताना आणि अंगठ्याने दाबल्यावर दुखली नाही, तरच पहिल्यांदा धावा. (चीर असल्याचे निदान झाले असेल तर ही तारीख डॉक्टर ठरवतील, मी नाही.) त्या दिवशी सुरुवातीला पाच मिनिटे चाला; मग एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला, असे आठ वेळा. म्हणजे एकूण धावणे आठ मिनिटांचे. हे वाचून आपल्याला वाईट वाटेल. २१ किलोमीटर धावलेल्या बाईला आठ मिनिटांचा सराव सांगणे हा तिचा अपमान आहे, असे माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना वाटते, आणि ती भावना मी समजू शकतो. पण ही आठ मिनिटे हृदयासाठी नाहीत. ती हाडाला ‘भार येणार आहे, तयारीला लाग’ असे कळवण्यासाठी आहेत. तेवढा निरोप पुरतो. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे आणि दोन चालणे, त्यापुढे तीन आणि दोन. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या दहा पावलांत नडगी काय सांगते, ते वहीत लिहा. काही सांगत नसेल तर पुढची पायरी, कुरकुरत असेल तर तीच पायरी पुन्हा, आणि दुखत असेल तर दोन पायऱ्या मागे. वेग वाढवणे, चढ चढणे आणि सायकलवरून उतरून लगेच धावणे या तीन गोष्टींना दहाव्या आठवड्यापर्यंत हात लावू नका. बूटही पाहा. २०२२ चेच असतील तर वरून नवे दिसले तरी तळाचा फोम कडक झालेला असू शकतो. अंगठ्याने दाबून तो दबत नसेल, तर ते बूट भाजी आणायला ठेवा.

सराव सुरू करण्याच्या तीन-चार दिवस आधी एकदा रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. चाळिशीनंतर मासिक पाळीतील रक्तस्राव अनेकींचा वाढतो. हिमोग्लोबिन ठीक दिसते आणि लोहाचा साठा मात्र रिकामा झालेला असतो. मग बाई स्वतःला आळशी समजत राहते. रक्तदाब मोजा, ईसीजी काढा आणि आपल्या माहेरी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय जोराचा सराव सुरू करू नका. आहाराविषयी फार बोलत नाही, कारण आपल्याला तो कळतो. एवढेच सांगतो, की वजन उतरवण्यासाठी जेवण तोडायचे आणि सरावही वाढवायचा, हे दोन्ही एकदम केले की हाडाला भरायला सामान उरत नाही. पोहून आल्यावर तासाभरात भाकरी, घट्ट वरण किंवा पिठले, आणि वाटीभर दही पोटात गेले पाहिजे. नुसत्या चहावर ऑफिस गाठू नका.

आता आपल्या व्यवसायाच्या वेळापत्रकाकडे येतो, कारण सराव तिथेच मोडतो किंवा टिकतो. आपल्या महिन्याला एक ठरलेली चाल आहे : ७ तारखेला टीडीएस, ११ ला एक जीएसटी विवरणपत्र आणि २० ला दुसरे. ट्रायथलॉनच्या सरावातही तीन आठवडे हळूहळू चढते आणि चौथा आठवडा हलका, अशी जुनी पद्धत आहे. मग तो हलका आठवडा नेमका २० तारखेच्या आधीचा का असू नये? त्या आठवड्यात फक्त एकदा पोहा आणि घरचे दहा मिनिटांचे व्यायाम करा. बाकी काही नाही. पूर्वी याच दिवसांत सराव बुडायचा आणि आपण त्याला खाडा म्हणायचात. आता तो आपण स्वतः लिहून ठेवलेला विश्रांतीचा आठवडा असेल. मार्चअखेरही अशीच काढा.

याच हिशेबाने गोव्याचे उत्तर मिळते. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, अशी ती स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते. म्हणजे सर्वांत मोठ्या सरावाचे तीन महिने आपल्या विवरणपत्रांच्या आणि ऑडिटच्या हंगामावर येऊन आदळतात. २०२२ मध्ये आपण नोकरीत होता, रजा टाकता येत होती. आज ऑफिस आपले आहे आणि सप्टेंबरात रजा देणारे कोणी नाही. नडगीची ही अवस्था पाहता, या वर्षी एकटीने पूर्ण अंतर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मन फारच ओढ घेत असेल तर गोव्यात तिघांचे रिले संघही उतरतात. त्यातील पोहण्याचा भाग घ्या. मिरामारच्या पाण्यात आपण उतराल, स्पर्धेचा वारा अंगाला लागेल आणि नडगीवर लांब धावण्याचा भार येणार नाही. त्यानंतर डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथे झेपेल ते अंतर करा. आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरची एखादी स्प्रिंट ट्रायथलॉन शोधा. जुलै ते ऑक्टोबर या काळात आठवड्याला अडीच तास मिळाले तरी चालतील. त्यांतली वीस-पंचवीस मिनिटे जोराची ठेवली, तर एवढ्या कमी सरावावरही कमावलेला दम काही महिने बऱ्यापैकी टिकून राहतो. तो जोर मात्र पाण्यात आणि सायकलवर काढा.

सासूबाईंच्या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष करणार नाही. त्यांनी नुकतेच पतीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाताना पाहिले आहे. त्यांच्या तोंडी ‘जिवाला त्रास’ हे शब्द आले ते काळजीने आले आहेत. वयापुरते बोलायचे तर ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅटली ग्रॅबो या अमेरिकन बाईंनी वयाच्या ८० व्या वर्षी हवाई बेटावरील कोना येथे पूर्ण अंतराची (गोव्याच्या दुप्पट) आयर्नमॅन जागतिक स्पर्धा वेळेत पूर्ण केली, आणि त्या पोहायला शिकल्या होत्या ५९ व्या वर्षी. हे त्यांना जरूर सांगा. परंतु त्यांची काळजी एखाद्या उदाहरणाने जाणार नाही. रक्ताचे आणि ईसीजीचे अहवाल त्यांना दाखवा, कोणत्या दिवशी किती वाजता घराबाहेर असाल तो कागद फ्रिजवर लावा आणि सायकलवर निघताना मोबाइलवर लोकेशन सुरू ठेवा. सासऱ्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितले असेलच. बुधवारचा आणि शनिवारचा आपला चालण्याचा अर्धा तास, निदान नडगी बरी होईपर्यंत, त्यांच्याबरोबर त्यांच्या गतीने घाला. आपला सरावही होईल आणि घरातला वेळ घराबाहेर गेला, असे कोणाला वाटणार नाही.

आपण स्वतःविषयी पत्रात जे लिहिले आहे, त्यातले एक मला मान्य नाही. त्या १६ महिन्यांत आपण सराव ‘सोडला’, असा सूर आपल्या शब्दांत आहे. आपण त्या काळात एका माणसाला शस्त्रक्रियेतून घरी आणले, एका मुलीला बारावीतून पार केले आणि शून्यातून ऑफिस उभे केले. तेव्हा पोहायला गेला नाहीत, याबद्दल आपण कोणाचेही देणे लागत नाही, आणि जानेवारीत आपण जे जुने वेळापत्रक एवढ्या घाईने उघडले, त्यामागे हे देणे फेडण्याची धडपड होती असे मला वाटते.

या मंगळवारी तलावावर जा, आठच तुकडे पोहा, हात मोजा आणि आणखी शंभर मीटर मारावेसे वाटत असतानाच बाहेर या. सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. पत्रात किती किलोमीटर झाले ते नको. २५ मीटरला किती हात लागतात, रात्री किती तास झोप होते आणि सकाळच्या पहिल्या दहा पावलांत नडगी काय सांगते, एवढेच कळवा. सायकलवरून उतरून लगेच धावायला केव्हा सुरुवात करायची, ते मी तेव्हा सांगतो.